डेटा सेंटरला सवलत देताय, तर त्यातल्या धातूचा हिशेबही मागा : उद्योगमंत्र्यांना खुलं पत्र

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
आणि नवी मुंबईत डेटा सेंटर बांधणाऱ्या, चालवणाऱ्या सगळ्या कंपन्यांना

सप्रेम नमस्कार साहेब,

मागणी एकच आहे म्हणून आधीच सांगून टाकतो. डेटा सेंटरला आपण जागा देतो, विद्युत शुल्क माफ करतो, मुद्रांक शुल्कात सूट देतो, ते देताना कंपनीकडून एक कागद जास्तीचा घ्या. इमारतीत आणि सर्व्हरमध्ये कुठला धातू किती बसणार आहे, तो कुठल्या स्मेल्टरमधून, म्हणजे खनिज वितळवून धातू शुद्ध करायच्या कारखान्यातून आला, आणि सर्व्हर जुना झाला की तो धातू कुठे जाणार, एवढंच त्या कागदावर असावं. आज महाराष्ट्रात हा कागद कोणी मागत नाही. पाणी किती, वीज किती, डिझेल जनरेटर किती हे विचारतात, धातूचं कोणी विचारत नाही.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात केबल ओढणं, बसबार बसवणं, पॅनेल जोडणं ही आमची कामं, आणि एआय चालतं ते याच डेटा सेंटरमध्ये, त्यामुळे एआय म्हटलं की लोकांना मोबाईलवरचा चॅट दिसतो आणि मला तांब्याचे ड्रम दिसतात. घर रत्नागिरीचं. आपणही रत्नागिरीचेच आमदार आहात म्हणून तांब्याची गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, कारण नवीन पोरांना हे माहीतच नसतं.

१९९२ च्या सुमाराला रत्नागिरीच्या एमआयडीसीत स्टरलाईटचा तांबं वितळवायचा कारखाना येणार होता. सरकारने सुमारे ५०० एकर जागा दिली, बांधकामही सुरू झालं. बागायतदार उठले, मच्छीमार उठले, वर्षभर आंदोलन चाललं. सल्फर डायऑक्साइडचा धूर, आर्सेनिकवाला गाळ, आंब्याच्या मोहराचं काय होणार, खाडीतल्या माशाचं काय होणार, हे प्रश्न तेव्हा आमच्या घराघरात बोलले जायचे. शेवटी जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवायला सांगितलं आणि कारखाना तामिळनाडूत थूथुकुडीला गेला. तिथे तो वीसेक वर्षं चालला, तिथल्या लोकांनी पण तक्रारी केल्या, मोर्चे काढले, आणि २२ मे २०१८ ला पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला त्यात १३ माणसं गेली. नंतर कारखाना बंद झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो परत उघडायला नकार दिला.

रत्नागिरीने नको म्हटलं ते बरोबरच होतं, मी आजही तेच म्हणेन. पण आम्ही नको म्हटल्यावर त्या धुराचं पुढे काय झालं हे आमच्यापैकी फार कमी जणांनी विचारलं. आपली गरज तेवढीच राहिली, फक्त पत्ता बदलला. स्टरलाईट वर्षाला ४ लाख टनांचा कारखाना होता, देशाच्या तांब्याचा मोठा वाटा तिथून यायचा, तो बंद झाल्यावर तांबं निर्यात करणारा आपला देश तांबं आयात करायला लागला. आता गुजरातमध्ये मुंद्र्याला ५ लाख टनांचा नवीन स्मेल्टर आलाय, पण त्याला लागणारं खनिज बहुतेक सगळं बाहेरून, कारण भारतात लागणाऱ्या कॉपर कॉन्सन्ट्रेटपैकी (दळून, धुऊन दाट केलेलं तांब्याचं खनिज) ९० टक्क्यांहून जास्त आपण विकतच आणतो. आपली सगळ्यात मोठी तांब्याची खाण मलाजखंडची, गोंदियाला लागूनच्या बालाघाट जिल्ह्यात, आणि तिथल्या खनिजात तांबं टक्क्याच्या आसपास. म्हणजे एक किलो तांब्यासाठी निदान शंभर किलो दगड फोडायचा, दळायचा, पाण्यात घोळवायचा, आणि उरलेला सगळा गाळ धरणासारख्या बांधामागे कायमचा सांभाळायचा.

आता हे डेटा सेंटरला लावून बघा. शिकागोजवळच्या मायक्रोसॉफ्टच्या एका डेटा सेंटरचा हिशेब तांबेवाल्यांच्या संघटनेने दिलेला आहे, तिथे २,१७७ टन तांबं लागलं, मेगावॉटला साधारण २७ टन. ते सेंटर जुन्या पद्धतीचं होतं, त्यामुळे ठोकळ आकडा म्हणूनच घ्या. पण नवी मुंबईत आता १०० मेगावॉटचं काम म्हणजे कोणाला विशेष वाटत नाही, त्याच दराने तिथे २,७०० टन तांबं होतं, आणि टक्क्याच्या खनिजाने धरलं तर पावणेतीन लाख टन दगड. एका इमारतीचा. हा ढिगारा चिलीत, पेरूत, इंडोनेशियात पडतो, रबाळ्यात एक खडाही दिसत नाही.

आणि एआयच्या रॅकची, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाची, गोष्ट आणखी वेगळी. एनव्हिडियाचा जीबी२०० एनव्हीएल७२ नावाचा रॅक येतो, एका रॅकचं वजन १,३०० किलोच्या वर, वीज खातो सुमारे १२० किलोवॉट, आणि आत ७२ जीपीयू, म्हणजे एआयची गणितं करणाऱ्या चिप, एकमेकांना जोडायला ५,००० च्या वर तांब्याच्या केबल, कंपनीच सांगते की टोकाला टोक लावलं तर तीनेक किलोमीटर भरतील. एवढ्या जवळच्या अंतरात फायबरपेक्षा तांबं स्वस्त पडतं, कमी वीज खातं, म्हणून तांबं. इंजिनिअर म्हणून मला ते पटतं. पण २०२५ मध्येच ३१ जुलैला चिलीच्या एल तेनिएंते खाणीत बोगदा कोसळून सहा कामगार गेले, आणि सप्टेंबरमध्ये इंडोनेशियाच्या ग्रासबर्ग खाणीत ओला गाळ आत घुसून सात गेले, आणि आमच्या सप्लायरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या दोन्ही बातम्यांची चर्चा फक्त रेट किती वाढणार एवढीच झाली. ते मला खूप लागलं, म्हणूनही हे पत्र लिहितोय.

तांबं निदान डोळ्यांना दिसतं. खरा अंधार आहे तो ग्रॅममध्ये मोजायच्या धातूंचा.

सर्व्हरच्या बोर्डवर प्रोसेसरच्या भोवती पिवळट किंवा काळ्या चौकोनी कपॅसिटर असतात, त्यातल्या बऱ्याच टँटलमच्या. थोड्या जागेत जास्त चार्ज धरतात, तापल्या तरी टिकतात, म्हणून महागड्या बोर्डवर त्याच लागतात. टँटलम येतं कोलटान नावाच्या काळ्या खनिजातून, आणि जगातल्या कोलटानपैकी १५ टक्क्यांच्या आसपास एकाच गावाभोवतून येतं, काँगोच्या उत्तर किवू प्रांतातलं रुबाया. तिथे मशीन नाही. माणसं फावड्याने, पहारीने डोंगर उकरतात, पोतं पाठीवर मारून उतरतात, पावसात उतार सुटला की गाडली जातात. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये एम२३ या बंडखोर संघटनेने रुबाया ताब्यात घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे तिथल्या खनिजावरच्या करातून त्यांना महिन्याला ८ लाख डॉलर मिळायला लागले, आणि तो माल चोरून रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जातो असंही त्यांनी लिहिलंय. जानेवारी २०२५ मध्ये याच बंडखोरांनी गोमा शहर घेतलं. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत वर्षानुवर्षं आपल्या भारतीय सैन्याच्या तुकड्या आहेत. आपले जवान त्या भागातल्या गावकऱ्यांना वाचवायला उभे आणि त्यांना मारणाऱ्याच्या बंदुकीचे पैसे ज्या खनिजातून येतात ते खनिज आपण इथे महाप्याला रॅकमध्ये बसवतोय की नाही, हे सांगायला आज आपल्याकडे कोणीच नाही. नसेलही बसवत. पण विचारलं तर कळेल ना.

आता कोणी म्हणेल की एवढं कसं शोधणार, खनिज किती हातांतून जातं. जातं खरं, पण मधे एक गळा आहे जिथून सगळं जावंच लागतं, तो म्हणजे स्मेल्टर. खाणी हजारो, सर्व्हर विकणारे शेकडो, पण टँटलम शुद्ध करणारे कारखाने जगात मोजके. एकदा तिथे वितळलं की मग कुठल्या खाणीचं हे देवालाही ओळखता येणार नाही, म्हणून तपासणी करायची ती तिथपर्यंतच. आणि हे काम नव्याने करायचं नाहीच आहे. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात कलम १५०२ आहे, त्याप्रमाणे तिथल्या शेअर बाजारात लिस्ट असलेल्या ज्या कंपन्यांच्या मालात कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं लागतं त्यांना दरवर्षी मे अखेरपर्यंत अहवाल द्यावा लागतो आणि बऱ्याच कंपन्या त्याला स्मेल्टरची यादीही जोडतात. युरोपमध्ये २०२१ पासून या चार धातूंच्या आयातदारांना असाच नियम आहे. म्हणजे ज्या कंपन्यांचे सर्व्हर नवी मुंबईत उतरतात त्यातल्या मोठ्या कंपन्यांकडे हा कागद तयार आहे. आपण मागत नाही म्हणून ते देत नाहीत. भारतात असा कायदा नाही, आणि केंद्राने करेपर्यंत थांबायचं कारण नाही, कारण सवलत राज्याची आहे, अट राज्याने घालायची.

हे कागद म्हणजे सगळं खरं असं मी म्हणत नाही. काँगोत पोत्याला टॅग लावायची जी योजना आहे त्यात भलत्याच खाणीच्या मालाला टॅग लागतात अशी तक्रार संशोधकांनी २०२२ मध्येच केली होती. तरी कागद असला की खोटं पकडता येतं, कागदच नसला तर पकडायचं काय?

पुढचा मुद्दा कोल्हापूरचा आहे आणि हा मला सगळ्यात जास्त जवळचा वाटतो, कारण यात नवीन खाण लागतच नाही. गॅलियम नावाचा धातू आहे, सर्व्हरच्या नव्या पॉवर सप्लायमध्ये गॅलियम नायट्राइडच्या चिप येतात, फायबरच्या टोकाला ज्या लेझर असतात त्यातल्या काहींत गॅलियम आर्सेनाइड. जगातलं जवळजवळ सगळं, म्हणजे ९८ टक्के, कच्चं गॅलियम चीन काढतो. ऑगस्ट २०२३ पासून त्यांनी गॅलियम आणि जर्मेनियमला निर्यात परवाना लावला, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला थेट बंदी केली, वर्षभराने ती तात्पुरती मागे घेतली. म्हणजे नळ त्यांच्या हातात. आणि गॅलियमची स्वतःची खाण नसते, ते बॉक्साइटमध्ये टनामागे पन्नासेक ग्रॅम असं विखुरलेलं असतं. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना (ॲल्युमिनियमची कच्ची पूड) करताना ते कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उतरतं आणि तेच द्रावण फिरत राहतं तसं साठत जातं, तिथून ते वेगळं काढता येतं.

राधानगरी, शाहूवाडीच्या सड्यांवरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळ पठारांवरचं, बॉक्साइट कित्येक वर्षं खणलं गेलं आणि ट्रक भरभरून बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात गेलं. त्या सड्यांवर पावसाळ्यात काय फुलतं, तिथून किती ओढ्यांना पाणी उतरतं हे तिथल्या माणसांना विचारा. सडा एकदा उकरला की परत होत नाही. त्या मातीबरोबर गॅलियमही गेलं, त्याचं काय झालं हा हिशेब कुठे लोकांसमोर आहे? भारतात पूर्वी उत्तर प्रदेशातल्या रेणुकूटच्या कारखान्यात गॅलियम काढलं जायचं, म्हणजे ते आपल्याला जमत नाही असं नाही. तेव्हा माझं म्हणणं असं की क्रिटिकल मिनरल्सच्या (देशाला अत्यावश्यक ठरवलेल्या खनिजांच्या) नावाखाली नवीन सडे उकरायची घाई करू नका, जे आधीच खणून झालंय, जे द्रावणात फिरतंय, जे कारखान्यातून उरलेल्या लाल गाळात पडलंय, त्यातून काय निघतं ते आधी बघा. ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी केंद्राच्या खाण मंत्रालयाची संस्था नागपूरला आहे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपूरला आहे, आणि पवईच्या आयआयटीला २०२५ मध्ये केंद्राने क्रिटिकल मिनरल्सचं सेंटर ऑफ एक्सलन्स केलंय. डोकी राज्यातच आहेत, त्यांना काम द्या.

दुर्मिळ धातू अडले की काय होतं याचा अनुभव आपण घेतलाय. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चुंबकांच्या काही धातूंवर निर्बंध लावले आणि तीन-चार महिन्यांत बजाजच्या इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन अडखळलं. चुंबक केवढं? स्कूटरच्या किमतीत त्याचा वाटा किरकोळ. तरी लाईन थांबायची वेळ आली.

आणि इथे मला नवी मुंबईच्या स्क्रॅपकडे यायचंय, कारण ही चुंबकं आपण रोज चुरा करून फेकतोय. डेटा सेंटरच्या प्रत्येक हार्ड डिस्कमध्ये निओडिमियमची चुंबकं असतात. डिस्क निवृत्त झाली की डेटा बाहेर जाऊ नये म्हणून ती अख्खीच्या अख्खी श्रेडरमध्ये घालतात. चुंबकाचा भुगा लोखंडाच्या चुऱ्याला चिकटतो आणि लोखंड म्हणून भट्टीत जातो, संपलं. डेटा नष्ट झालाच पाहिजे, त्यात तडजोड नको, पण चुंबकावर डेटा नसतो, तो तबकडीवर असतो. आधी चुंबक काढा, मग तबकडी चुरा. हाताने दोन मिनिटांचं काम, मशीनने त्याहून कमी. कोणी करत नाही कारण कोणी करायला सांगत नाही.

नियम आहेत, नाही असं नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, डेटा सेंटरसारख्या मोठ्या वापरकर्त्याने माल नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचा आहे. पण रिसायकलरला जे ईपीआर (उत्पादकाच्या जबाबदारीचं) सर्टिफिकेट मिळतं, जे विकून त्याचे पैसे होतात, ते चार धातूंवर मिळतं, सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड. टँटलम काढलं तर शून्य, गॅलियम काढलं तर शून्य, चुंबक वेगळं केलं तर शून्य. मग तो कशाला काढेल? त्याची चूक नाही. जगभरातच टँटलम, गॅलियम आणि दुर्मिळ मृदा धातू (चुंबकांतल्या निओडिमियमसारखे) जुन्या मालातून परत मिळायचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने फार पूर्वी, २०११ मध्ये सांगितलं होतं. आणि जो माल नोंदणीवाल्यापर्यंत पोचतच नाही तो साकीनाक्याला, कुर्ल्याला जातो, तिथे पोरं बोर्ड भाजून, ॲसिडमध्ये बुडवून सोनं तांबं काढतात, बाकी सगळं गटारात. काँगोतल्या माणसाने जीव धोक्यात घालून काढलेला टँटलम मिठी नदीत जातो, आणि तो धूर आपली पोरं छातीत घेतात.

एआयच्या मालाने हे आणखी जोरात होणार आहे. पूर्वी कंपन्या एक सर्व्हर सात-आठ वर्षं रेटायच्या, जीपीयूची नवी पिढी वर्ष-दोन वर्षात येते, जुना बंद पडायच्या आधीच परवडेनासा होतो. आज जो माल क्रेनने वर चढवतोय तो पाच-सहा वर्षांत खाली उतरवायला आम्हालाच बोलावतील. तेव्हा हजारो टन उतरणार. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये क्रिटिकल मिनरल्स परत मिळवणाऱ्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली आहे, म्हणजे पैसा आहे. माल आपल्याकडे आहे, देशातली निम्म्याहून जास्त डेटा सेंटर क्षमता मुंबई-नवी मुंबईत आहे. तळोज्याला हिंदुस्थान कॉपरचा तांब्याची सळी ओढायचा कारखाना उभा आहे, डेटा सेंटरच्या पट्ट्यापासून तासाभराच्या अंतरावर. या सगळ्याची गाठ घालून देणारा माणूस मंत्रालयात लागतो, ते काम आपलं.

मला माहितीय अधिकारी काय म्हणतील. अटी घातल्या तर कंपन्या हैदराबादला, चेन्नईला जातील, विशाखापट्टणमला तर गुगल चाललंच आहे. साहेब, ही भीती आम्ही साईटवरची माणसं रोज ऐकतो आणि ती एवढी खरी नाही. समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला येतात, बँका इथे, शेअर बाजार इथे. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या क्लाउडसाठी २०३० पर्यंत ८३० कोटी डॉलर घालायचं जाहीर केलं ते महाराष्ट्रावर उपकार म्हणून नाही, गिऱ्हाईक इथे आहे म्हणून. एका कागदासाठी कोणी एवढी जागा सोडून जात नाही. आणि ज्या कंपनीला टँटलम कुठून आलं हे सांगायला एवढं जड जातंय की ती दुसऱ्या राज्यात पळेल, तिला विद्युत शुल्क माफ करून आपण काय मिळवणार?

कंपन्यांनाही दोन शब्द. तुमच्या लॉबीत हिरव्या भिंती असतात, सोलरचे आकडे स्क्रीनवर फिरत असतात, चांगलं आहे, आम्हीच ती वायरिंग केलीय. त्याच स्क्रीनवर एक ओळ धातूची लावा. तुमच्या पर्चेस डिपार्टमेंटने सर्व्हर कंपनीला एक ईमेल केला तर स्मेल्टरची यादी येईल. ती जशीच्या तशी वेबसाईटवर टाका, मराठीत पण टाका. आणि श्रेडरवाल्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये चुंबक आधी काढायची अट पुढच्या रिन्यूअलला घाला, आमच्यासारखे कॉन्ट्रॅक्टर ते काम आनंदाने करतील, आमच्या पोरांना शिकवायची तयारी आहे.

साहेब, कायदा, धोरण, जीआर याला वेळ लागतो हे कळतं. म्हणून सुरुवात अशा ठिकाणी करा जिथे कोणाची परवानगी लागत नाही. राज्य सरकार स्वतः सर्व्हर विकत घेतं, महाआयटीची, म्हणजे सरकारच्याच आयटी कंपनीची, टेंडर निघतात. पुढच्या टेंडरच्या तांत्रिक अटींमध्ये दोन रकाने वाढवायला सांगा, एक स्मेल्टरच्या यादीचा आणि एक माल परत घेऊन कुठल्या रिसायकलरकडे देणार त्याचा. जो भरणार नाही त्याचे मार्क कापा. दोन टेंडर तशी निघाली की बाजाराला सवय लागेल, मग खाजगी डेटा सेंटरच्या सवलतीला तीच अट लावणं सोपं जाईल. हे दोन रकाने कसे लिहायचे याचा मसुदा मी आणि माझ्याबरोबरच्या दोघा-तिघांनी तयार केलाय, अर्ध्या पानाचा आहे. रत्नागिरीच्या आपल्या कार्यालयात आणून देतो, वेळ कळवा.

आपला,
रत्नागिरीचा एक मतदार, सध्या मुक्काम घणसोली

ता.क. राधानगरीच्या बॉक्साइटमधल्या गॅलियमचं जे लिहिलंय ते खाण खात्याकडे पाठवावं ही विनंती. तिथल्या गावांना विचारल्याशिवाय काही ठरवू नये.